आत्याच्या खोलीमागचं धुराडं

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका. दिवाणखान्यात शेकोटीची जागा दिसतेय ना, तिच्या डोक्यावरून भिंतीच्या आत, वरच्या मजल्यातून, पार छपराबाहेर गेलेलं विटांचं धुराडं आहे. ते म्हणजे मी. या घरात सगळ्यात उंच मी, सगळ्यात जड मी, आणि घर विकत घेणारा माणूस ज्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ बघतो तोही मीच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसांची बघायची रीत मला आता चांगली ठाऊक झाली आहे.

मला बांधणारा गवंडी तोंडाचा फटकळ आणि हाताचा सावकाश होता. प्रत्येक वीट ठेवताना तिला एक शिवी द्यायचा आणि ठेवल्यावर तिला थोपटायचा. शिव्या आणि थोपटणं दोन्ही चांगलं मुरल्यामुळे मी आजही सरळ उभा आहे. घराच्या बाकीच्या भिंतींबद्दल मी बोलणार नाही, त्या मनाला लावून घेतात.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. माणूस टापटिपीचा. थंडी सुरू व्हायच्या आधी तो माणूस बोलावून मला आतून घासून घ्यायचा, वाळलेली लाकडं जाळायचा, राख वेळेवर काढायचा. वरच्या खोलीत तो वाचत बसायचा आणि तिथे त्याला थंडी वाजायची, म्हणून त्याने तिथे एक छोटी लोखंडी शेगडी बसवली. तिच्या धुराच्या नळीसाठी माझ्या पोटाला एक भोक पाडलं. चांगलं ताटाएवढं. पुढे शेगडी विकली गेली, भोक राहिलं. आता गंमत बघा. लोकांच्या दातात तिळाएवढी कीड दिसली तरी जो चांदी भरल्याशिवाय खुर्चीतून उठू देत नसे, त्या माणसाने माझ्या भोकात जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि वरून निळ्या फुलांचा वॉलपेपर चिकटवून दिला. दिसायला छान दिसत होतं. दिसायला छान दिसलं की तुम्हा माणसांचं बरंचसं काम होऊन जातं.

दुसरा मालक निवृत्त मुख्याध्यापक. तो काहीही जाळायचा. ओली लाकडं, मोडक्या खुर्च्या, वर्षानुवर्षं साठवलेल्या उत्तरपत्रिका. मी खोकलो, काळाठिक्कर पडलो, पण शिस्तीच्या माणसाला कुणी काही सांगायचं नसतं. शेवटी त्याच्या बायकोला खोकला लागला तेव्हा विजेचा हीटर आला आणि माझ्या पायथ्याशी सुकलेल्या फुलांची मोठी बरणी येऊन बसली. दिवाणखान्याच्या छताला धूर ओळखणारा एक गोल भोंगा होता. त्याची बॅटरी संपत आली की तो दर थोड्या वेळाने टीं करायचा. मुख्याध्यापकाने बॅटरीच काढून टाकली आणि झोपायला गेला. वर्गातल्या बोलक्या पोरांना बाहेर काढायची सवय, दुसरं काय.

या रिकामपणाच्या काळात दोन गोष्टी घडल्या. माझ्या डोक्यावर पारव्यांनी काड्याकुड्यांचा संसार थाटला, इतका की माझं वरचं तोंड अर्ध्याहून अधिक बुजलं. आणि वरच्या खोलीच्या भोकातली वर्तमानपत्रं ओली होऊन, कुजून, एक दिवस माझ्या पोटात गळून पडली. आता त्या खोलीत आणि माझ्यात उरला फक्त निळ्या फुलांचा कागद. म्हणजे खाली जाळ केला की धुराने वर जावं, वर पारव्यांनी वाट अडवलेली, मग धुराने त्या खोलीत घुसावं, असा सगळा बंदोबस्त झाला. धुराचं तरी एक बरं असतं, तो दिसतो. त्याच्यासोबत एक विषारी वायू असतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाला बसल्या जागी निजवतो. त्या खोलीत जो कोणी राहील त्याचं काही खरं नव्हतं.

मग घर विकायला निघालं. घराच्या दलालाने माझ्या दर्शनी भागाला पांढरा रंग लावून घेतला आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यावर थाप मारून सांगितलं, जुन्या काळचं काम आहे, आता असं होत नाही. ते अगदी खरं होतं.

नवे मालक आले. हे विम्याच्या कचेरीत नोकरीला. दिवसभर लोकांना संकटांची भीती घालायची आणि संध्याकाळी घरी येऊन प्रत्येक गोष्टीला ‘काही होत नाही’ म्हणायचं, असा त्यांचा दिनक्रम. घर घेण्याआधी त्यांनी सगळे नळ सोडून पाहिले, दारं उघडून-मिटून पाहिली, प्रत्येक खोलीत उभं राहून फोनला रेंज येते का ते पाहिलं. माझ्याजवळ आले, फुलांची बरणी सरकवली, वाकून आत डोकं घातलं आणि ‘ओ’ अशी हाक मारली. हाक घुमली. “मोकळं आहे,” असं बायकोला सांगून ते स्वयंपाकघराचे ओटे बघायला गेले.

मालकीणबाई शाळांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. डोक्याने बऱ्या. राहायला आल्यावर त्यांनी दोनतीनदा सांगितलं की धुराडं साफ करणाऱ्या माणसाला एकदा बोलावून घेऊ या. त्याला फोनही केला. तो म्हणाला, महिनाअखेरीस येतो. पण मालकांनी नव्या घराची पार्टी त्याच्या आधीच्या रविवारी ठरवली होती, त्यांचे मोठे साहेब येणार होते, आणि साहेबांसमोर शेकोटी पेटवायची हे पक्कं झालं होतं. मालकांनी मग माझी स्वतःच तपासणी केली. वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून माझ्या तोंडाशी धरला. एवढासा धूर काड्यांच्या फटींतून निघून गेला. झाली तपासणी. छताच्या भोंग्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, काही असतं तर हा ओरडला नसता का? गप्प बसलेल्याला शहाणा समजायची तुमची खोड जुनीच आहे.

आणि वरच्या खोलीत राहायला आली आत्या.

आत्या म्हणजे मालकांच्या वडिलांची बहीण. आई लवकर गेल्यावर मालकांना हिनेच वाढवलं. नोकरी टेलिफोन खात्यात, कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायची. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता तिला एकटीला सोडवत नव्हतं म्हणून मालकांनी तिला इथे आणलं. तिच्यासाठी खोली निवडली तीही मायेने. माझ्या भिंतीला लागून म्हणजे उबदार, वरच्या मजल्यावर म्हणजे शांत. खिडकीतून वारा येतो म्हणाली तर मालकांनी खिडकीच्या सगळ्या फटींना चिकटपट्टी लावून दिली. दाराच्या खालच्या फटीला तिने स्वतः जुना टॉवेल गुंडाळून लावला. घरात कुणी कुणाचं वाईट चिंतत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

शांत खोली फारच शांत निघाली. मालक सकाळी जायचे, मालकीणबाई खाली चित्रांत बुडालेल्या. जिना चढून वर जायला दोघांनाही वेळ नसे. आत्या खाली जेवायला यायची, हं-हूं करायची, परत वर जायची. पण एका संध्याकाळी तिला पलंगामागच्या भिंतीतून भाच्याचा आवाज आला. स्पष्ट, शब्दन् शब्द. भिंतींना कान असतात असं तुम्ही म्हणता. माझ्या भिंतीला तोंड होतं.

झालं होतं असं की रात्रीच्या जेवणाआधी नवरा-बायको माझ्यासमोर दोन खुर्च्या टाकून बसायची, आणि त्यांचं बोलणं माझ्या पोटातून थेट वर जायचं. आत्या निळ्या फुलांच्या कागदाजवळ खुर्ची ओढून बसू लागली. जन्मभर लोकांचं बोलणं जोडून देताना ऐकायचं नाही असा नियम होता तिला. आता नियम करणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी विषय निघाला पार्टीचा. मालकांना काळजी अशी की आत्या खाली आली तर साहेबांसमोर काहीतरी बोलेल. मालक लहानपणी कशाकशाला घाबरायचे, कोणत्या वर्षी नापास झाले, या गोष्टी ती पाहुण्यांना आवडीने सांगते. शेवटी दोघांनी ठरवलं की तिचे गुडघे दुखतात असं पाहुण्यांना सांगायचं आणि तिचं ताट वरच पाठवायचं. मालकीणबाई थोड्या कां-कूं करत होत्या, पण हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चहाला खाली आली. बिस्किट चहात बुडवलं आणि कुणी काही न विचारता म्हणाली, “माझे गुडघे ठणठणीत आहेत.”

मालकांचा घास तोंडातच राहिला. आत्या बिस्किट खाऊन वर निघून गेली.

आता शहाण्या माणसाने काय करावं? आवाज कुठून गेला ते शोधावं. पण मालकीणबाईंना खात्री वाटली की नवऱ्याने आत्याला जाऊन सांगितलं, तो तसाही आत्याचा लाडका. मालकांना खात्री वाटली की बायको दिवसभर घरात असते, तिनेच कुठे तोंड उघडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा तर मी भिंतीत उभाच होतो. दोघांनी एकमेकांवर पाळत ठेवली. फोन तपासले. बोलणं तोडलं, मग गरज पडली म्हणून पुन्हा जोडलं. आणि यापुढे आत्याच्या कानावर काही जाऊ नये म्हणून दोघं कुजबुजत बोलू लागली. कुजबुज ऐकू यावी म्हणून खुर्च्या जवळ आल्या, आणि कुठे जवळ आल्या? अगदी माझ्या तोंडाशी. मालक तर बोलताना वाकून जवळजवळ माझ्या आतच डोकं घालायचे. आत्याला आता पूर्वीपेक्षा छान ऐकू येऊ लागलं.

तिने काय काय ऐकलं ते सगळं सांगत नाही. घरात माणसं थकल्यावर जे बोलतात तेच. तिच्या खोकल्याचा आवाज, तिचं औषध विसरणं, ती खोली मिळाली असती तर चित्रांसाठी प्रकाश किती छान आला असता. वाईट नव्हतं, पण गोडही नव्हतं. आत्या रोज ठरल्या वेळी खुर्चीत येऊन बसायची आणि ऐकायची. कधी ओठ आवळायची, कधी एकटीच हसायची. मालकांनी एकदा साहेबांची नक्कल केली तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला होता.

रविवार आला. पाहुणे जमले. मोठे साहेब, त्यांच्या सौभाग्यवती, शेजारचं जोडपं, कचेरीतली दोनचार मंडळी. आत्याचे गुडघे सकाळपासून अधिकृतपणे दुखत होते. तिने भाच्याला सांगून टाकलं होतं की मला खाली यायची हौस नाही, मी झोपणार आहे. दार लावलं, टॉवेल फटीला सरकवला आणि झोपायचं सोडून भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. पार्टीला तिची अशी हजेरी होती.

मालकांनी लाकडं रचली होती ती एखाद्या सभामंडपाला शोभतील अशी. मालकीणबाईंनी हळूच एकदा विचारलं की आधी थोडीच लावू या का. काही होत नाही, असं उत्तर आलं. साहेबांनी काडी ओढली. टाळ्या पडल्या. जाळ भसकन वर आला आणि मीही, इतक्या वर्षांनी, ऊब काय असते ते आठवून क्षणभर सुखावलो. मग धूर माझ्या गळ्याशी पोचला, काड्यांना धडकला, मागे वळला. वाट शोधू लागला. वाट कुठे होती ते तुम्हाला माहीत आहेच.

मी काय करणार? मला हात नाहीत. आयुष्यभर मी फक्त वाट दिली. आलं ते जाऊ दिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण मधल्या मध्ये ढासळावं आणि सगळं बंद करावं. पण गवंड्याने शिव्या देऊन बांधलेलं होतं, ढासळता आलं नाही.

वर निळी फुलं तपकिरी झाली. कागद फुगला, चिरला, आणि चिरेतून धूर खोलीत येऊ लागला. आत्याला वाटलं, खाली काहीतरी करपलं. डोकं जड झालं तेव्हा वाटलं, वयच झालं. उठायला गेली तर पाय लटपटले, ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. दार खोलीच्या दुसऱ्या टोकाला. हाक मारून बघितली, पण खाली गाणी लागली होती. मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. आवाज कुठून येतो हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणजे आवाज जातो कुठून हेही माहीत होतं. तिने फाटलेला कागद दोन्ही हातांनी ओरबाडला आणि धुरात तोंड घालून, टेलिफोन खात्यातल्या सगळ्या वर्षांचा आवाज काढून, माझ्या पोटात ओरडली.

खाली साहेब शेकोटीसमोर हात शेकत उभे होते. जाळातून आवाज आला, “ढब्या, विझव ते! मी वर गुदमरतेय!”

गाणी कुणीतरी बंद केली. साहेब दोन पावलं मागे सरकले. लहानपणीचा ढब्या कोण हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. मालकीणबाईंनी कोपऱ्यातली झाडाची कुंडी उचलली आणि मातीसकट जाळावर उपडी केली. आणि मालक, ज्यांना आयुष्यात काही होत नव्हतं, ते एकेका ढांगेत दोन पायऱ्या घेत वर धावले. टॉवेलमुळे दार अडलं, त्यांनी खांद्याने ढकललं. खिडकीची चिकटपट्टी निघेना तेव्हा काचच फोडली. आत्या जमिनीवर होती, डोळे उघडे, ओठ हलत होते. तिला पाठीवर घेऊन ते जिना उतरले, सगळ्या पाहुण्यांदेखत, साहेबांच्या समोरून, बाहेर अंगणात. जिला दिवाणखान्यात दिसू द्यायचं नव्हतं तिला. मालकांचा चेहरा काजळीने काळा झाला होता आणि ते मोठमोठ्याने रडत होते. माझं वय झालं आहे, त्यामुळे मी सहसा हलत नाही. पण तेव्हा हललो.

डॉक्टरांनी तिला प्राणवायू लावून ठेवलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, असं म्हणाले. आत्या घरी आली ती दोन दिवसांनी, खोकत आणि सगळ्यांना दटावत. मग तिघं माझ्यासमोर बसली. वरचं भोक आता सगळ्यांनी पाहिलं होतं. मालक आणि मालकीणबाई एकमेकांकडे बघायचं टाळत होती, कारण दोघांनीही एकमेकांना आठवडेच्या आठवडे खोटं ठरवलं होतं, आणि त्या आठवड्यांतलं सगळंच्या सगळं तिसऱ्या माणसाने ऐकलं होतं.

मालक म्हणाले, “तुला इतके दिवस ऐकू येत होतं, तर तू सांगितलं का नाहीस गं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भोक बुजवलं असतंत,” आत्या म्हणाली. “मग या घरात माझ्या कानावर माणसाचं बोलणं कुठून पडणार होतं?”

मालकीणबाई उठून आत गेल्या. भांडी वाजण्याचा आवाज आला नाही, त्या नुसत्याच ओट्याशी उभ्या राहिल्या.

त्यानंतर वरातीमागून घोडं आलं, म्हणजे धुराडं साफ करणारा आला. अतिशय बडबडा गृहस्थ. माझ्या पोटात कॅमेरा सोडला आणि पडद्यावर मला मलाच दाखवलं. फार काही बघण्यासारखं नव्हतं. पारव्यांची पिल्लं कधीच उडून गेली होती, घरटं काढलं. काजळी खरवडली. वरच्या खोलीतलं भोक विटांनी आणि सिमेंटने पक्कं बुजवलं, माझ्या पोटात खालपासून वरपर्यंत स्टीलची नळी सोडली, डोक्यावर जाळीची टोपी बसवली. नवे भोंगे आले, खाली एक, वर एक, बॅटरीसकट. मालकांनी दर वर्षी माझी तपासणी व्हावी म्हणून त्या माणसाशी कायमचं ठरवून टाकलं. मी आता इतका सुरक्षित आहे की माझ्यातून एक शब्द वर जात नाही.

मालकांनी आत्याच्या खोलीत मोठा टीव्ही आणून लावला. एकटेपणाचा विमा उतरवल्यासारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आत्याने छान आहे म्हटलं. संध्याकाळी तिने टीव्ही लावला, आवाज वाढवला, आणि खुर्ची मात्र भिंतीशीच ठेवली. मध्येच तिने नव्या सिमेंटवर कान टेकवला. खाली दोघं बोलत होती, मला ऐकू येत होतं, आणि वर काही पोचत नव्हतं. तिने हात फिरवून पाहिला आणि कान काढून घेतला. सगळं माझ्या भल्यासाठी केलेलं होतं, तरी मला त्या स्टीलच्या नळीचा राग आला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मालकीणबाई दोन कप चहा घेऊन वर आल्या. त्यांनी आधी टीव्ही बंद केला, आणि पलंगावर मांडी घालून बसल्या. “आत्या, तुमचा भाचा आज काय म्हणाला माहीत आहे का?” त्या म्हणाल्या. पुढचं त्या हळू आवाजात बोलल्या, ते मला काही कळलं नाही. त्या खोलीच्या बाजूने मी आता बहिरा झालोय, भिंतीपलीकडून नुसतं पुटपुटणं येतं. पण दोघी खूप वेळ हसत होत्या एवढं कळलं, आणि थोड्या वेळाने खालून मालकही कपाळाला आठ्या घालून आपलाच कप घेऊन जिना चढले.

तर माझं एवढंच मागणं आहे. नवं घर घ्याल तेव्हा नळ सोडून बघा, रेंज बघा, ओटे बघा, आणि जाळ करण्याआधी मला आतून नीट बघून घ्या, ‘ओ’ करून भागणार नाही. मग वर्षातून एकदा बघितलंत तरी मला पुरे. वरच्या खोलीत कुणी राहत असेल, तर मात्र तिथे रोज जावं लागतं.